ढोलकी कुणाच्या बापाची?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या रण पेटलंय. कुठल्याशा पोरांनी जुन्या लावणीतला ढोलकीचा तुकडा उचलून त्यावर रॅप केला आणि सगळ्यांना एकदम संस्कृती आठवली. 'ही सरळसरळ चोरी आहे' इथून सुरुवात होऊन 'फोडून काढा' इथवर मजल गेलीय. यातल्या निम्म्यांच्या घरातल्या तबकड्या वडील गेल्यावर जुन्या बाजारात किलोच्या भावानं गेल्या, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

इथे लॉस एंजेलिसमध्ये 'स्टोन्स थ्रो' नावाची रेकॉर्ड कंपनी आहे. तिचा निम्मा संसार उचललेल्या तुकड्यांवरच उभा आहे. सॅन होजेचा ख्रिस मनाक, म्हणजे पीनट बटर वुल्फ, यानं ती १९९६ साली काढली. त्याचा रॅपर जोडीदार कॅरिझ्मा १९९३ मध्येच गोळी लागून गेला होता. कंपनीची पहिली रेकॉर्ड या दोघांचीच. पुढे २००४ मध्ये 'मॅडव्हिलनी' ही रॅपची रेकॉर्ड आली, २००६ मध्ये जे डिला या हिपहॉपवाल्याची 'डोनट्स'. जुन्या गाण्यांचे तुकडे कापून केलेली 'डोनट्स' बाहेर आली आणि तीन दिवसांत डिला गेला.

पण मला ग्रुपवाल्यांच्या तोंडावर मारायचंय ते वेगळंच. याच कंपनीत तेव्हा असलेला इगॉन (आडनाव अलापट, केरळातलं आडनाव वाचून मी उगाचच खूश झालो होतो) यानं २००२ मध्ये 'नाऊ-अगेन' नावाची कंपनी काढली, विस्मृतीत गेलेल्या रेकॉर्ड पुन्हा आणण्यासाठी. ह्यूस्टनच्या कॅशमिअर हायस्कूलमध्ये कॉनराड जॉन्सन नावाच्या मास्तरांनी पोरांचा फंक (ठेका धरायला लावणारं काळ्या अमेरिकनांचं संगीत) बँड उभा केला होता. अहो, शाळेचा बँड! आपल्याकडे शाळेचा बँड २६ जानेवारीला आठवतो. इगॉननं या म्हाताऱ्या मास्तरांना गाठलं आणि २००६ मध्ये १९६८ ते १९७४ चं त्यांचं काम दोन सीडींत आणलं, वर फोटो आणि माहितीची पुस्तिका. २००८ च्या फेब्रुवारीत जुने विद्यार्थी, आता साठीकडे झुकलेले, मास्तरांसमोर पुन्हा वाजवायला जमले. ९२ वर्षांचे मास्तर लगेच काही दिवसांत गेले. आपल्या किती ढोलकीवाल्यांची नावं तबकडीवर छापली होती, सांगा बरं.

आता माझी गोची. २००७ मध्ये 'स्टोन्स थ्रो'नं मॅडलिब या हिपहॉपवाल्याची भारतावरची रेकॉर्ड काढली. बरेचसे तुकडे आपल्या सिनेमासंगीतातले, आणि पहिल्याच ट्रॅकच्या नावात 'हॉट करी'. ११० नंबरच्या फ्रीवेवर गाडी चालवताना ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. करी काय करी! त्या क्षणी मी ग्रुपमधला कट्टर मेंबर होतो. तरी रेकॉर्ड विकत घेतली, कारण वाजते झकास.

आणि खरं सांगायचं तर लावणी आमच्या सांगलीच्या घरात कधी वाजलीच नाही. रेडिओवर लागली की आजोबा उठून कान पिळायचे, रेडिओचा. आमचं घर नाट्यसंगीताचं. ग्रुपमध्ये तावातावानं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी हेच चालायचं. इथल्या मंडळाच्या गणपतीत मात्र लावणी हवीच, आणि पहिल्या रांगेतून शिट्टी मारणारा मीच असतो. सांगलीत असतो तर कुठे चाललोय हे घरात सांगायची हिंमत झाली नसती.