पॉइन्यंट म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. आमच्याकडच्या पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या एका म्हातारीचा फोटो कोण्या शहरी पाहुण्यानं टाकला आणि खाली रांग लागली: पॉइन्यंट (poignant), सो पॉइन्यंट, रडके चेहरे, जोडलेले हात. गावातल्या एकानं सरळ विचारलं, "पायगनंट म्हणजे काय हो सर?" तर लोक त्यालाच हसले. अरे, हसता काय? तुम्हाला तरी माहीत आहे का?

ती बाई कामावर आहे बाप्पा. तिला किलोवर मजुरी मिळते. संध्याकाळी काट्यावर किती भरेल, हा तिच्या डोक्यातला हिशोब. फोटो काळा-पांढरा केला नसता तर एकही जण थांबला नसता.

इंग्रजी शिकवून पोट भरतो म्हणून सांगतो. मधला जी गिळायचा. मूळ लॅटिन 'पुंगेरे', म्हणजे टोचणं. टायरचा पंक्चर आणि पेन्सिलीचा पॉइंट याच खानदानातले. फ्रेंचांकडून १४ व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा तिखट चवीला, उग्र वासालाही हा शब्द लावत. नुसत्या दुःखाला तो नाहीच. गारपिटीनं संत्र्याचा बार (बहर) झडला, ते हार्टब्रेकिंग. आजारपणात शेजाऱ्यानं न सांगता डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) करून दिली, ते टचिंग. पॉइन्यंटमध्ये गोड काहीतरी असावं लागतं आणि त्यातच काटा.

बाबा गेल्यावर वारसाची नोंद झाली, सातबारा हाती आला. तेव्हा तो तलाठ्याच्या हातचा असे. मायला वाचता येत नाही. "तुह्या बाबाचं नाव काढलं काय?" मी बोट ठेवून दाखवलं. नाव होतं, पण कंसात. गेलेल्या माणसाच्या नावाला महसूलवाले कंस करतात. तिनं त्यावरून नख फिरवलं. "हे दोन इळे कायले लावले बाजूनं?" कंस तिला विळ्यांसारखे दिसले. मी गप्प. मग तीच म्हणाली, "राहू दे, नाव तं हाय ना." खाली तिचं स्वतःचं नाव होतं, वावरावर पहिल्यांदाच. तेही दाखवलं. "माहं?" म्हणाली, अन् लाजून हसली.

त्या "माहं?"ला मी तो शब्द लावीन. रडणं नाही, कॅमेरा नाही, तलाठी तर दुसऱ्याच्या फेरफारात गुंतला होता.

शब्दांचे अर्थ बदलतात, मान्य. पथेटिक एकेकाळी करुण होतं, आज शिवी झाली आहे. पोरं पेपरात 'पथेटिक स्टोरी' लिहितात तेव्हा मीही अर्धा मार्क देतो. कमेंट करणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हेही ठीक. पण २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हापासून आम्ही हेच पाहतो आहोत. कॅमेरा येतो, घरची बाई दारात बसवतात, नवऱ्याची तसबीर हाती देतात, "जरा इकडं पाहा ताई." चीड येते हो! आमची माणसं काय तुमच्या विशेषणांची उदाहरणं आहेत?

असो. जास्तच बोललो. शब्दावर माझा राग नाही, शब्द लई चांगला आहे. मेमरी, रिमाइंडर, फेअरवेल अशांच्या आधी तो शोभतो. 'आय अॅम पॉइन्यंट' मात्र म्हणू नये, हे दहावीच्या पोरांनी लक्षात ठेवा.

मायचं सांगायचं राहिलं. पीककर्जासाठी दर साली उतारा आणायचो, अन् दर साली ती पहिले ते इळे शोधायची, मग स्वतःचं नाव. अक्षर ओळखता येत नव्हतं, जागा पाठ झाली होती.

तिचा फोटो टाका, असं दोघांनी आत्ताच इनबॉक्समध्ये लिहिलं. टाकणार नाही.