"डीईएक्सवर फी शून्य, धोका शून्य" म्हणे!

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, मलाच तीन जणांनी पाठवला. थोडक्यात असा: डीईएक्सवर (म्हणजे कंपनीऐवजी कोडवर चालणाऱ्या क्रिप्टो एक्सचेंजवर) कॉइन स्वॅप करा, म्हणजे एक देऊन दुसरं घ्या, मध्ये दलाल नाही म्हणून फी नाही, स्क्रीनवर दिसतो तोच रेट मिळतो, पैसे स्वतःच्या वॉलेटमध्ये म्हणून चोरी होऊच शकत नाही आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मी स्वतः डीईएक्स वापरतो आणि आवडीने वापरतो, म्हणूनच हे वाचून डोकं फिरलं.

आधी फीचं बघू. युनिस्वॅप हे डीईएक्स 2018 मध्ये सुरू झालं तेव्हापासूनच दर स्वॅपला 0.3 टक्के कापले जायचे, ते पूलमध्ये, म्हणजे स्वॅपसाठीच्या सामाईक साठ्यात, कॉइन ठेवणाऱ्यांना मिळायचे, आणि 2021 च्या व्ही3 या आवृत्तीपासून पूलप्रमाणे 0.01 पासून 1 टक्क्यापर्यंत वेगवेगळे रेट आले. वर नेटवर्कचा गॅस, म्हणजे व्यवहार नोंदवायचा खर्च, वेगळा. ट्रान्झॅक्शन फेल झालं तरी गॅस जातोच, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी अर्धा तास नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

आता तो "दिसतो तोच रेट". इथे खरी गंमत आहे. साध्या पूलमध्ये रेट कोणी माणूस ठरवत नाही, दोन कॉइनच्या साठ्यांचा गुणाकार कायम ठेवायचा एवढाच हिशोब असतो. समजा पूलमध्ये 100 इथर आणि 2 लाख यूएसडीसी (एक डॉलरला बांधलेलं कॉइन) आहेत, म्हणजे एका इथरचा रेट 2000. तुम्ही 20 हजार यूएसडीसी टाकले तर 10 इथर मिळायला हवेत ना? मिळतात 0.3 टक्के फी धरून साधारण 9.07, कारण तुमच्याच खरेदीने रेट वर चढत जातो, आणि पूल जितका छोटा तितका हा फटका मोठा. आणि एवढ्यावर भागत नाही, तुमची ऑर्डर ब्लॉकमध्ये, म्हणजे पक्क्या नोंदीत, जायच्या आधी मेमपूलमध्ये (थांबलेल्या व्यवहारांच्या रांगेत) सगळ्यांना दिसते, बॉट ती बघून तुमच्या आधी खरेदी करतो, तुम्हाला महाग घ्यायला लावतो आणि लगेच विकून मोकळा होतो. याला सँडविच म्हणतात. मार्च 2025 मध्ये एकाने सुमारे 2 लाख 20 हजार डॉलरचे यूएसडीसी स्वॅप केले आणि हातात आले 5 हजारांच्या आसपास यूएसडीटी, तेही दोन्ही कॉइन एकेका डॉलरचे असताना! स्लिपेजची मर्यादा, म्हणजे दिसलेल्या रेटपेक्षा किती वाईट रेट चालेल ते, नीट लावली असती तर ते स्वॅप सरळ फेल झालं असतं, गॅस गेला असता तेवढाच. मग दलाल नाही म्हणायचं कसं, तो आहेच, फक्त तो ऑफिस उघडून बसत नाही.

चोरीबद्दल अर्धं खरं आहे. 2022 मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो एक्सचेंज कंपनीने ग्राहकांना पैसे काढू देणं बंद केलं तसं डीईएक्सवर होत नाही, हा मोठा फायदा मी कधीच नाकारणार नाही. पण स्वॅपच्या आधी आपण जे अप्रूव्ह दाबतो ना, त्यात बऱ्याचदा आपल्या वॉलेटमधून अमर्याद रक्कम काढायची परवानगी देऊन टाकतो आणि नंतर विसरतो. डिसेंबर 2021 मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो प्रकल्पाच्या वेबसाइटमध्ये कोणीतरी कोड घुसवून लोकांकडून असेच अप्रूव्हल घेतले आणि सुमारे 12 कोटी डॉलर उचलले, सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) कोणाचीच लागली नाही (तो स्वॅपचा प्लॅटफॉर्म नव्हता, पण अप्रूव्हलचं यंत्र तेच). शिवाय पूल कोणीही बनवू शकतो, कुठल्याही नावाच्या कॉइनचा. 2021 चं स्क्विड टोकन आठवा, विकत घेता येत होतं, विकायला गेलं की विकलंच जात नव्हतं.

पत्ता लागत नाही हे तर उलटंच आहे. केवायसी नसलं तरी प्रत्येक स्वॅप चेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, कायमचा लिहिला जातो, आणि ते वॉलेट एकदा जरी केवायसीवाल्या एक्सचेंजला जोडलं गेलं तरी मागचा सगळा इतिहास उघडा.

मेसेज पाठवणाऱ्या मित्राला विचारलं, तू स्लिपेज किती ठेवतोस? म्हणाला, ते काय असतं?