खुलासा: रेगन यांचा जन्म बॅलीपोरीनचा नाही

आयर्लंडमधल्या गाल्टी डोंगररांगेच्या पायथ्याचं बॅलीपोरीन हे छोटं गाव म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं जन्मगाव, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

रेगन ६ फेब्रुवारी १९११ रोजी अमेरिकेतच, इलिनॉय राज्यातल्या टॅम्पिकोत जन्मले. बॅलीपोरीनचे होते त्यांचे पणजोबा मायकेल. त्यांच्या बाप्तिस्म्याची १८२९ सालची नोंद तिथल्या चर्चच्या वहीत आहे. त्याच नात्याने रेगन ३ जून १९८४ ला या गावी आले. नातं खरं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. जन्माची जोड कशाला?

रेगन यांच्या नावाचा पबही आता तिथे नाही. त्याचं आतलं सामान कॅलिफोर्नियातल्या रेगन लायब्ररीत मांडलंय. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.