ग्रीनलंडमार्गे

नवराबायकोला शेजारी बसायचं होतं म्हणून माझी खिडकी देऊन टाकली आणि मुंबई ते न्यूयॉर्क सोळा तास मधल्या खुर्चीत काढले. परवाच. दोघं वाटभर एकमेकांशी चकार शब्द बोलली नाहीत. तो सिनेमे बघत होता, ती घोरत होती. माझी मान अजून डावीकडे वळत नाही.

त्यात माझा स्क्रीन बंद. शेजारच्या सांगलीकडच्या काकांचा चालू, पण त्यावर अखंड नकाशा. माझा डोळा लागला रे लागला की कोपर बसायचं, "साहेब, चार हजार राहिलं."

ग्रीनलंड जवळ आलं तसे काका अस्वस्थ झाले.

"न्यूयॉर्क कुठल्या अंगाला?"

"पश्चिमेला."

"मग हा वर कुठं निघालाय? नवीन गिऱ्हाईक बघून फिरवतोय. स्वारगेटला रिक्षावाले असंच करतात."

पृथ्वी गोल आहे, सपाट नकाशावरची सरळ रेघ खरं तर लांबची पडते, हे सांगून बघितलं. "गोल आहे ते ठाऊक आहे हो," म्हणाले. तेवढ्यात दुसरं जेवण आलं. मी ताटलीतला गोल बन उचलला, ब्लँकेटचा सुटलेला दोरा तोडला. विषुववृत्ताच्या जरा वर लोणच्याच्या खाराचा ठिपका, ही मुंबई. पलीकडच्या अंगाला, आणखी वर, लोण्याचं न्यूयॉर्क. दोरा ताणला तसा तो आपसूक बनच्या टाळूकडे सरकला. शाळेत भूगोलाला असं काही कुणी दाखवलं असतं तर माझे मार्क वाढले असते.

काकांनी बन फिरवून फिरवून बघितला. "बरोबर आहे. पण हा बन आहे." मग जरा थांबून, "खाणार आहात का?"

उत्तर ध्रुवापासून सुरुवात केली.

अंतर जेमतेम १२,५०० किलोमीटर, तेही दोरा ताणून. जाताना वरचे पश्चिमी वारे तोंडावर येतात, म्हणून वेळ जास्त. येताना तेच पाठीशी. भाडं मात्र वारा बघून कुणी कमी करत नाही. आणि ते 'सोळा तास' फक्त हवेतले! पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या दीडशे किलोमीटरला घाटात अडकून पाच तास लागले, ते कुठल्या तिकिटावर छापतात? वर तीन तास आधी या. कशाला? बूट काढायला. उतरल्यावर शिक्क्याच्या रांगेत आणखी दोन. बारा हजारांपेक्षा मला ते दीडशेच जास्त लागले.

रांगेत काका माझ्या पुढेच होते. तिकिटावर सुटायची वेळ रात्री एक, पोचायची सकाळी साडेसात. मधे घड्याळ साडेनऊ तास मागे जातं, हे सांगायला माझ्याकडे आता बन नव्हता.

काकांनी लेकीला फोन लावला. "पोचलो गं. साडेसहा तासात. नाही, रस्ता चुकला होता मधे, पण आणलं त्यानं. झोप? कुठली झोप! शेजारी एक मास्तर होता, गप्पच बसंना."