अजून कोणता कागद हवाय?
हुबळीहून घेतलेली जुनी विलीज जीप इथल्या आरटीओत नोंदवायचीय. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलंय, आरसी बुकात रीतसर नोंद आहे. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला तिकडच्या आरटीओची हरकत नाही, अशी फॉर्म २८ ची एनओसीही आहे. तरी आरटीओत दर वेळी तेच: "इंजिन बदललंय, तिकडून खात्री येऊ दे." अहो, तिकडच्या सहीशिक्क्यावर विश्वासच नसेल, तर इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मंजुरी कशासाठी घ्यायची? चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, आकडा न् आकडा उमटला. साहेब म्हणतात, गंज काढून पुन्हा आणा. व्हिंटेज, म्हणजे जतन केलेल्या जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत घालावी, तर २०२१ च्या नियमाला ५० वर्षांपुढची, मूळ रूपातलीच गाडी लागते. टॅक्स मात्र इथे नव्याने भरा, आणि कर्नाटकातला परतावा मागायला पुन्हा हुबळी गाठा. एकाच देशात हा काय छळ लावलाय!