घोडीचं पीसीयू किती?

एम.प्लॅन.ला, म्हणजे नगरनियोजनाच्या मास्टर्सला, प्रवेश मिळाला तेव्हा आईनं इंदूरच्या रामबागेतल्या यच्चयावत काकूंना सांगून टाकलं, "आता आमचा हा शहरं आखणार." दुसऱ्या सेमिस्टरनंतर आठ आठवड्यांची इंटर्नशिप आली, आणि शहरं आखणारा हा मुलगा मे महिन्यात राजवाड्यासमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून स्कूटरी मोजू लागला.

याचं खापर मी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकार साहेबांवर फोडतो. आधी पाहणी, मग आखणी, हे खूळ त्यांचं. साहेब इंदुरात आले, गल्लीबोळ पायी हिंडले, 1918 साली होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल देऊन मोकळे झाले. मोजायला आम्ही मागं उरलो.

मोजणीच्या तक्त्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. मग पीसीयू, म्हणजे 'पॅसेंजर कार युनिट', काढायचं. एखादं वाहन किती मोटारींइतका रस्ता खातं ते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या कोष्टकात मोटार 1, सायकल 0.4 आणि हातगाडी चक्क 2. हातगाड्यांचं प्रमाण वाढलं तर 3. समोरच्या जांभूळवाल्याला म्हटलं, तुमची गाडी दोन मोटारींच्या बरोबरीची आहे. तो म्हणाला, "तो बदल लो, भिया."

साडेआठला खजुरी बाजाराकडून वरात आली. पुढं डीजेचा छोटा ट्रक, 1.4. मागं जनरेटरची हातगाडी, 2. मधे घोडीवर नवरदेव. कोष्टकात टांगा आहे, 1.5, पण नुसती घोडी नाही. टांग्यातून चाकं वजा करून पाहिली, उत्तर येईना. आणि नाचणारे वऱ्हाडी कोणत्या वर्गात घालायचे? तेवढ्यात नवरदेवाच्या मामानं मलाच हाताला धरून आत ओढलं. साडेआठ ते पावणेनऊ या रकान्यात 'घोडी – 1' एवढंच लिहिलेलं, बाकी कोरा राहिला.

"हे काय, 'घोडी – 1'?" ऑफिसात साहेबांनी विचारलं. इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर सही व्हायला पुढं नऊ दिवस लागले. त्यातले सहा दिवस साहेब साइटवर होते आणि तीन दिवस शिक्का.

कॉलेजात गाइड मॅडमना मात्र तो कोरा रकानाच आवडला. "हाच तुझा रिसर्च प्रोजेक्ट! वराती आणि रस्त्याची वहनक्षमता. 30 सप्टेंबरपर्यंत निदान वीस वरातींचा डेटा आण."

हवेत तरंगत घरी आलो. आजी वाती वळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि वात न सोडता म्हणाली, "अरे, आषाढी होऊन गेली. देव झोपलेत. आता कार्तिकातल्या ग्यारशीपर्यंत कुणाची वरात मोजणारेस?"

मुदतवाढीच्या फॉर्मवर 'विलंबाचे कारण' असा रकाना असतो. त्यात खरं तेच लिहिलं: देव झोपले आहेत. फॉर्म 'पुरावा जोडावा' म्हणून परत आला. पंचांगाची झेरॉक्स जोडली. आता तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी आहे म्हणतात.