लंडनमध्ये असले लाड चालतात का रे?

शाळेच्या ग्रुपवर परवा एकाने एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, टॉवरचा फोटो टाकला, खाली लिहिलं, टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकट घरं यांना, तुमच्या लंडनमध्ये असले लाड चालतात का रे, आणि मला टॅग केलं. विचारलंच आहेस तर ऐक.

चालतात. कमाई कमी असेल आणि भाड्याने राहत असाल तर सरकार भाड्यातला वाटा उचलतं, युनिव्हर्सल क्रेडिट नावाच्या भत्त्यातूनच तो येतो. नोकरी असली तरी मिळतो, हे आपल्याकडे सांगितलं की कोणाला खरंच वाटत नाही. देशभरात भाड्याच्या मदतीवरचा खर्च वर्षाला ३० अब्ज पौंडांच्या वर. (आम्हाला नाही मिळायचा. व्हिसाच्या कार्डवरच छापलेलं, सरकारी पैसा नाही. टॅक्स मात्र पहिल्या पगारापासून कापला.)

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करतात, दोन मुलं. त्यांना मदत किती मिळणार हे एलएचए नावाच्या दरावर ठरतं, म्हणजे त्या भागातली भाडी स्वस्तापासून महागापर्यंत ओळीने लावायची आणि शंभरातल्या तिसाव्या घराचं भाडं धरायचं, त्याच्या वर एक पेनी नाही. २०११ च्या आधी पन्नासावं घर धरायचे. शिवाय २०२० ते २०२४ हा दर गोठवून ठेवला, २०२४ ला वाढवला आणि परत गोठवला. घरमालक थोडेच गोठतात! बाईंनी एकदा फोनवर हिशोब दाखवला, महिन्याला दीडशे पौंड कमी पडत होते, म्हणाल्या यात हीटिंग धरलेलं नाही हां.

आणि खरी गंमत म्हणजे तो फ्लॅट मुळात कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा. १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, जवळपास २० लाख घरं अशी गेली, त्यांच्या जागी तेवढी काही बांधली नाहीत. ज्याने घेतलं त्याने पुढे विकलं, आता मालक तिसराच कोणीतरी आहे, आणि सरकार आपल्याच जुन्या घराचं भाडं त्याच्या खिशात घालतंय. मला तर विकायची बंदी असताना पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर हातोहात गेलेल्या आपल्या एसआरएच्या खोल्याच आठवतात.

बरं, त्या टॉवरमधलं घर तुझ्या टॅक्समधून नाही झालं राजा. १९९५ पासूनची स्कीम अशी की बिल्डरने झोपडीवाल्यांना घर बांधून द्यायचं आणि बदल्यात मिळालेला एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, वापरून बांधलेली घरं बाजारात विकायची. तेही १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर फुकट, त्यानंतर २०११ पर्यंत आलेले असतील तर अडीच लाख भरा. आणि तू होम लोनच्या व्याजावर दोन लाखांची वजावट घेत आलास ती काय होती? तिला कोणी लाड म्हणत नाही.

माझं भांडण वेगळंच आहे. आपल्याकडे मदत म्हटली की मालकीचं घर. पंतप्रधान आवासमध्ये व्याजाची सबसिडी आहे, पण त्यासाठी आधी बँकेने कर्जासाठी दारात उभं करायला हवं. भाडेकरूचं काय? २०२० मध्ये लॉकडाऊनात माणसं चालत गावी गेली तेव्हा सरकारला भाड्याच्या घरांची स्कीम आठवली, त्यानंतर तिच्याबद्दल कोणी भांडताना मी तरी ऐकलं नाही. बरं, हे आपल्याला नवीन होतं असंही नाही, मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारनेच बांधल्या आणि भाड्याने दिल्या. आता तिथे ५०० फुटांचे मालकीचे फ्लॅट देतायत, मिळू देत बापड्यांना, पिढ्या काढल्यात त्यांनी तिथे. पण उद्या मुंबईत येणाऱ्याला सरकारी भाड्याची खोली उरली नाही. नुसता भाडेभत्ता सुरू करा असंही मी म्हणणार नाही, घरं न बांधता पैसे वाटले की ते मालकाकडे जातात हे मी रोज जिना उतरताना बघतो. सरकारने बांधावीत, भाड्याने द्यावीत आणि विकू नयेत, कोणालाच.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर याचा आला अंगठा. मग रात्री वेगळा मेसेज, त्याच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कळव्यात भाड्याने राहतात, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलंय, मालक भाडं हजाराने वाढवतोय आणि डिपॉझिटही जास्त मागतोय, त्यांच्यासाठी काही स्कीम आहे का रे?